शंकासुराचा आरसा

त्या तळावर विमानं उडवणारे वेगळे आणि ती उडण्यालायक ठेवणारे वेगळे. उडवणाऱ्यांचे फोटो हँगरच्या भिंतीवर असत, ठेवणाऱ्यांच्या तेलकट बोटांचे ठसे त्याच भिंतीवर, जरा खाली. इंजिनवाले, वीजवाले, चाकं-ब्रेकवाले असे गट होते. बॉम्ब लटकवणारेही होते, पण त्यांच्याशी सहसा कोणी हुज्जत घालत नसे. कोणी कुठलं विमान उघडायचं हे काचेच्या केबिनमधले नियोजनवाले ठरवत, आणि ठरवून झालं की केबिनची कडी आतून लावून घेत.

या सगळ्यांच्या डोक्यावर तपासणी विभाग. कामगाराने पेच आवळायचा आणि तपासनिसाने तो आवळलेला नाही असं धरून चालायचं, ही तिथली रीत. संशय घेण्याबद्दल पगार मिळणारं ते एकच खातं.

आमचा माणूस त्या खात्यात म्हणजे मासा पाण्यात. त्याला सगळे शंकासुर म्हणायचे. दूध उतू गेलं तरी ते कोणाच्या सांगण्यावरून गेलं, हा त्याचा पहिला प्रश्न. प्रमुख निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर शंकासुराचा डोळा होता. तशी स्पर्धाही नव्हती. तपासणीत प्रमुख सोडून जागा पाच मंजूर, माणसं दोन, आणि त्यातला दुसरा कंबर धरून रजेवर. नियम असा की हँगरमधून बाहेर पडताना प्रत्येकाचे खिसे तपासनिसाने तपासायचे आणि तपासनिसाचे दुसऱ्या तपासनिसाने. दुसरा नसल्यामुळे शंकासुर स्वतःचे खिसे स्वतःच चाचपायचा, मान डोलवायचा आणि घरी जायचा.

अशात एका विमानाच्या चाकाच्या कप्प्यात आरसा सापडला. लांब दांड्याचा, फिरत्या मानेचा, वाकून दिसत नाही तिथलं दाखवणारा. उड्डाणाच्या आधी सापडला म्हणून बरं, नाहीतर चाक अडकलं असतं आणि वैमानिकाचा फोटो हाराखाली गेला असता.

आता हत्यार हरवलं तर काय करायचं हे तिथे सगळ्यांना पाठ होतं. फळ्यावर प्रत्येक पान्याची, पक्कडीची आकृती रंगवलेली असते. जिथे नुसती आकृती दिसते, तिथलं हत्यार गायब. पण इथे सगळ्या गटांचे फळे गच्च भरलेले. हरवलं काहीच नव्हतं, उलट एक जास्त होतं. जास्तीचं काय करायचं, हे कोणालाच माहीत नव्हतं.

मोठ्या साहेबांनी विमान जमिनीवर ठेवलं आणि चौकशी शंकासुरावर सोपवली. चोर पकडा आणि खुर्ची घ्या, असं ते म्हणाले नाहीत, पण म्हणाल्यासारखं बघितलं.

शंकासुराचा संशय थेट गेला साडूवर. साडू इंजिनवाल्यांचा मुखिया. दोन सख्ख्या बहिणी दोघांच्या घरी, घरं भिंतीला भिंत लागून. त्यात साडू सदा हसतमुख, आणि हसतमुख माणसाने काहीतरी केलेलं असतंच, असा शंकासुराचा अनुभव. त्याने इंजिनवाल्यांना रांगेत उभं करून खिसे रिकामे करायला लावले. निघालं काय, तर अर्धी खाल्लेली बिस्किटं, एक पडलेला दात आणि शंकासुराचं व्यंगचित्र. ते चित्र त्याने पुरावा म्हणून ठेवून घेतलं. हातात काहीच लागलं नाही, तेव्हा गटाच्या मुखियाला जबाबदार धरावं, असं त्याने साहेबांना सुचवलं. साडूची बदली दूरच्या तळावर ठरली.

संध्याकाळी घरी बायको पलंगाखाली डोकं घालून बसली होती. बहीण दूर जाणार म्हणून तोंड फुगलेलंच होतं. ती म्हणाली, "तुमचा तो आरसा कुठंय? पोरांनी पलंगाखाली झाडलं की नुसता केर सरकवला, बघायचंय मला."

शंकासुर म्हणाला, कपाटावर.

"कपाटावर नाही. ताईकडे राहिला का म्हणून मघाशी तिलाही विचारून आले."

शंकासुराने स्वतः कपाटावर हात फिरवून बघितलं. आयुष्यात त्याने शंका घेतली नव्हती अशी एकच गोष्ट होती: आरसा कपाटावर आहे. आणि आता त्याला सगळं आठवलं. साडूच्या गटाने त्या चाकाच्या कप्प्यातून जाणारी इंजिनची नळी बसवली होती; ते काम त्याने रीतसर पास केलं होतं, पण मन खात होतं. पुन्हा बघायला फळ्यावरचा आरसा घ्यावा तर त्याच्या जागी आपल्या नावाचा बिल्ला अडकवावा लागतो, म्हणजे गावभर बोभाटा. म्हणून घरचा नेला होता. कप्प्यात वाकला, कोणीतरी येताना दिसलं, आणि तो निघून आला. खिसे चाचपले होते. आरसा खिशात नव्हता, म्हणून समाधानच वाटलं होतं.

गप्प बसलं तर खुर्ची आपली. पण मेहुणीच्या कानावर गेलेलं साडूपर्यंत पोचायला भिंतही जाड नव्हती. तो शेजारी गेला. साडू पेटी भरत होता.

"आरसा माझा आहे," शंकासुर म्हणाला.

"कळलं, चहाच्या वेळी."

"मग साहेबांकडे का नाही गेलात?"

साडूने सदरा घडी घालून पेटीत ठेवला. "म्हटलं, बघू तरी. साडूभाऊंना स्वतःचा संशय यायला किती वेळ लागतो."

सकाळी शंकासुराने साहेबांना सगळं सांगितलं. विमान उडालं, बदली रद्द झाली आणि खुर्ची गेली. साहेब म्हणाले, चूक त्याची असली तरी त्याचे खिसे बघायला कोणी नव्हतं, हे दुखणं त्याहून मोठं. मग तपासणीतली एक रिकामी जागा भरली गेली. साडूनेच भरली.

पहिल्याच दिवशी साडूने शंकासुराला दारात उभं केलं, हात वर करायला लावले, बूट काढायला लावले, आणि तोच आरसा घेऊन त्याच्या सदऱ्याच्या आतही डोकावून बघितलं. इंजिनवाले काम सोडून बघत होते. शंकासुराला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. इतकी नीट तपासणी त्या तळावर कोणाचीच झाली नव्हती.

मग त्याचा एक हात हळूच खाली आला.

"झालं? आता तुमचे खिसे बघू, साडूभाऊ."