बाळंतिणीच्या खोलीतला पाईप

मल्लम्मानं पोरीच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तरी दामिनी सकाळपासून डोकं धरून पडलेली, दोनदा ओकलेली. बाळंत होऊन जेमतेम आठवडा झाला होता.

"वारं लागलंय तुला," असं म्हणत मल्लम्मानं खिडकीच्या फटीत आणखी एक चिंधी कोंबली.

किल्लारीत यंदा थंडी हाडात शिरत होती. म्हणून तिच्या मुलानं, संगमेश्वरनं, बहिणीच्या खोलीत लाकडं जाळायची पत्र्याची शेगडी आणून ठेवली. तिचा पाईप भिंतीतून काढून गच्चीच्याही वर न्यायचा, असा त्याचा बेत होता. पण मल्लम्मा आडवी आली. भूकंपात तिची धाकटी बहीण भिंतीखाली गेली होती. तेव्हापासून या घरात तिनं साधा खिळा ठोकू दिला नव्हता.

"अव्वा, वीतभर भोक. भिंत काय पापड हाय का?" संगमेश्वर आईला म्हणाला.

"तू जन्मला बी नव्हतास तवा. मला शिकवू नको."

शेवटी पाईप खिडकीतूनच बाहेर काढला. तोंड वाऱ्यासमोर, छपराच्या खाली. पहाटे कारखान्यावर जाताना संगमेश्वर बजावून गेला, "खिडकीचं एक दार उघडं ठेव. हवा खेळली पायजे."

बाळंतिणीच्या खोलीत उघडी खिडकी? तो वळल्याबरोबर मल्लम्मानं ते दार लावून पाईपाभोवतीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. धूर दिसत नव्हता, नुसते निखारे लाल होते. मग भ्यायचं कशाला?

लाकडं आणायला ती अंगणात गेली. सकाळपासून ठणकणारं तिचं डोकं तिथं हलकं झालं. परत आत आली, तर पुन्हा ठणका. ती दार धरून उभी राहिली. मी काय बाळंतीण हाय का? मग मला कसलं वारं?

तिची नजर पाळण्याकडं गेली. दुधाची वेळ टळून गेली होती. पोरगं रडलं नव्हतं.

"दामिनी! ऊठ ग बाई!"

दामिनी नुसती कण्हली. मल्लम्मानं बाळ पदरात घेतलं, दार सताड उघडलं आणि दुसऱ्या हातानं लेकीला ओढत, फरफटत थंड अंगणात आणलं. मग शेजारच्या हणमंतरावांच्या नावानं अशी किंकाळी फोडली की ते जेवता जेवता उठून आले आणि जीप काढली.

कोंडलेल्या शेगडीचा न दिसणारा विषारी वायू अंगात भिनलाय, असं म्हणत डॉक्टरांनी दामिनीला आणि बाळाला ऑक्सिजन लावला. बराच वेळ मल्लम्मा बाळाच्या ओठांकडं बघत बसली. मग ते एकदम टाहो फोडून रडलं, तेव्हा कुठं ती भिंतीला टेकली.

मायलेकरं बरी होऊन घरी आल्यावर संगमेश्वरनं शेगडी उचलली. "फेकून देतो ही."

"थंडी गेली का रे? लेकरू गारठंल." मल्लम्मानं त्याला अडवलं. "भोक पाड."

"खरं?"

"पाड म्हणते न! पाईप पार गच्चीच्या वर ने. आन् खिडकी बी उघडी राहू दे."

भोक पाडायचं यंत्र घरघरलं. भिंत थरथरली तशी मल्लम्माच्या पायाखालची जमीनही हलल्यासारखी झाली. बाळाला घेऊन ती अंगणात उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले, हात मात्र त्याच्या छातीवरून काढला नाही. छाती वर येत होती, खाली जात होती.