दाराकडे तोंड केलेले बूट

हर्षला कुंभोजकरचे बूट तिला न घेताच विद्यापीठात जायला लागले, तो नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार होता. सकाळचे साडेआठ वाजले होते. ती दप्तर पाठीला लावून होस्टेलच्या दाराशी आली, तोवर बूट समोरच्या रस्त्याच्या कडेला पोचले होते. सिग्नल हिरवा होईपर्यंत ते थांबले, मग ओलांडून ट्राममध्ये चढले. सिग्नलला असं शहाण्यासारखं थांबणं हर्षलाला कधी जमलं नव्हतं.

दोष कुणाचा म्हणाल, तर तिच्यावरच्या संस्कारांचा. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या शहरात ती सप्टेंबरात इचलकरंजीहून आली होती, दोन विद्यापीठांच्या अदलाबदलीच्या योजनेत, पाच महिन्यांसाठी. होस्टेलच्या दारातून आत शिरलं की एक खोलगट जागा होती. तिथे बूट काढायचे, वीतभर उंचीची पायरी चढायची आणि वर मांडलेल्या कापडी सपाता घालायच्या. सपातांवर ‘पाहुणे’ असं छापलेलं होतं. हर्षला बूट काढायची ते आपल्याकडे सगळेच काढतात तसे, घराकडे तोंड करून, एक इकडे तर एक तिकडे. मग होस्टेल सांभाळणाऱ्या मोरिताबाई गुडघे टेकून बसायच्या, बूट उचलायच्या आणि जुळवून दाराकडे तोंड करून ठेवायच्या. निघताना नुसता पाय घातला की झालं, अशी तिथली पद्धत. बाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या होत्या.

एवढी म्हातारी बाई आपल्या पायताणाला हात लावते, हे हर्षलाला बघवेना. पहिल्या दिवशी ती धावत जाऊन बाईंच्या पाया पडली. बाई दचकून भिंतीला टेकल्या आणि उलट त्यांनीच तिला वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवसापासून ती बूट स्वतः फिरवून ठेवायला लागली, पण बाईंना ते अर्धं बोट वाकडे दिसायचे आणि त्या पुन्हा गुडघे टेकायच्या. असे दोन महिने गेल्यावर एका सोमवारी हर्षलाने सरळ हात जोडले.

“मोरिता-सान, माझ्या बुटांना हात लावू नका. मला पाप लागेल.”

“मग त्यांना कोण फिरवणार?”

“त्यांचे ते फिरतील,” हर्षला म्हणाली. वेळ मारून न्यायला माणूस काहीही बोलून जातं.

मोरिताबाईंनी मान लववली. काउंटरवरची वही उघडली, तारीख घातली आणि तिचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता.

पहिले दोन दिवस तिला मजाच वाटली. गुरुवारी मात्र तिने ठरवलं की अनवाणी जायचं. उन्हाळ्यात इचलकरंजीच्या डांबरावर अनवाणी पळालेली पोर ती, तिला काय त्याचं! सपाता काढून तिने पाय खाली सोडला, तर फरशी लागेना. पायरी आता गुडघ्याएवढी झाली होती. शुक्रवारी ती कमरेएवढी झाली. शेजारच्या खोलीतली व्हिएतनामची लिन तीच पायरी एका ढांगेत उतरली, बुटात पाय घातले आणि निघूनही गेली.

“लिन, तुला पायरी केवढी दिसते?” हर्षलाने तिला संध्याकाळी विचारलं.

“वीतभर,” लिन म्हणाली. “तुझे बूट आज वर्गात माझ्या शेजारी बसले होते.”

“तुझे जास्तीचे बूट मला दे. एका दिवसापुरते.”

“देईन गं. पण त्यांच्यावर माझं नाव आहे,” लिन म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

हर्षलाने नवे बूट मागवले. ते आले तेव्हा पार्सल खाली होतं आणि ती वर, पुरुषभर उंचीवर, पोटावर झोपून हात खाली सोडत होती. मोरिताबाईंनी खोका उघडला, आडवा करून नवे बूट बाहेर येऊ दिले आणि ते वर द्यायला पुढे केलेला हात चटकन मागे घेतला, कारण हात न लावण्याचं वहीत लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवे बूट जुन्यांच्या मागोमाग निघाले, जरा अंतर ठेवून, पहिल्या वर्षाची मुलं चालतात तसे. संध्याकाळी परतले ते जुने तेवढे. मग तिने बॅगेच्या तळातून कोल्हापुरी चपला काढल्या. या तरी आपल्या, या ऐकतील, अशी तिला मोठी आशा होती. त्या घालून ती पायरीच्या काठावर उभी राहिली. चपला करकरल्या आणि तिथेच थांबल्या. एक पाऊल पुढे टाकायला तयार होईनात. गावाकडून आलेल्या, इथली भाषा येत नाही, ओळख ना पाळख. तिच्यापेक्षाही घाबरट निघाल्या. बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती; तळमजल्याच्या खिडक्या चारच बोटं उघडायच्या आणि तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती.

डिसेंबरात प्राध्यापक हायामींची मेल आली. ‘काल तुमच्या बुटांनी फार नेटकं सादरीकरण केलं. प्रश्नांना उत्तरं देताना ते थोडे संकोचले, पण ते स्वाभाविक आहे. तुम्ही स्वतः येण्याची तसदी घेऊ नये.’

रविवारी आईचा फोन यायचा. हर्षलाने तिला सगळं सांगितलं.

“हजेरी लागती की नाही?” आईने विचारलं.

“लागते.”

“मग झालं की. पाय गरम ठेव. थंडी असंल तिकडं.”

“आई, बाबा कुठायत?”

“हितंच हायत. पेपर वाचत बसल्यात.”

हे उत्तर दर रविवारी यायचं. बाबांनी तिला जाऊ नको म्हटलं होतं, तिने आवाज चढवला होता, आणि निघायच्या दिवशी ते मागच्या अंगणात पाठ करून उभे राहिले होते. ती पाया न पडताच रिक्षात बसली. तेव्हापासून बाबा फोनवर आले नव्हते. ते फोनवर येणारही नाहीत हे तिला ठाऊक होतं. तो माणूसच तसला. दहा फेब्रुवारीचं तिकीट होतं. घरात शिरायचं, बाबांच्या समोर बसायचं आणि ‘बाबा, चुकलं माझं’ म्हणायचं, एवढंच तिने मनात धरलं होतं. शिक्षण, जपानी भाषा, प्रमाणपत्र, सगळं गेलं खड्ड्यात. एवढं एक झालं की तिला बाकी काही नको होतं.

जानेवारीत लिनने फोटो दाखवला. सहलीला गेलेली दहा-बारा मुलं बर्फात उभी होती आणि मधोमध हर्षलाचे बूट. सगळी त्यांच्याकडे बघून हसत होती.

“काय सांगत होते ते?” हर्षलाने विचारलं.

“तुमच्या गावची गोष्ट. यंत्रमागाच्या खडखडाटात तुम्ही कसे ओरडून बोलता, ती.” लिन पुन्हा हसायला लागली. “फार छान सांगतात ते.”

ती गोष्ट हर्षलाने कधी कुणाला सांगितली नव्हती. सांगायचं तिच्या फार मनात होतं, पण शब्द जुळत नव्हते. त्या दिवशी ती जेवली नाही. खोलगट जागा आता इतकी खोल झाली होती की वरून बूट ठेवायचं फडताळ काडेपेटीएवढं दिसायचं, आणि दारातून आत आलेल्या माणसाचं बोलणं वर पोचायला वेळ लागायचा.

नऊ फेब्रुवारीला मोरिताबाई तिच्या खोलीत आल्या. त्यांनी तिची बॅग भरली. कपडे, चपला, पासपोर्ट, फोन, चार्जर, सगळं व्यवस्थित, कोपरे जुळवून. हर्षला हायसं वाटून बाजूला उभी राहिली. निदान बाईंना तारीख लक्षात होती. मग बाईंनी दारावरची नावाची पट्टी काढली आणि बॅग जिन्याने खाली न्यायला सुरुवात केली.

“मोरिता-सान, मला उद्या घरी जायचंय. मला खाली उतरवा.”

“हर्षला-सान उद्या दहाच्या बसने निघणार आहेत,” बाई म्हणाल्या.

“हर्षला मीच आहे.”

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या पायांकडे. बघण्यात राग नव्हता, उलट माया होती. “तुम्ही पाहुण्या आहात,” त्या हळूच म्हणाल्या. “सपातांवर लिहिलेलं आहे. हवं तितकं राहा.”

“मग पाहुण्यांनी जायचं कसं?”

“आपापले बूट घालून,” बाई म्हणाल्या.

दहा तारखेला सकाळी बूट खाली तयार होते. कुणी तरी त्यांना नव्या नाड्या घातल्या होत्या. शेजारी बॅग होती. हर्षला पायरीच्या काठावर पालथी झोपली आणि तिने तोंडाशी हात धरून हाक मारली. बूट थांबले.

“मला न्या,” ती म्हणाली. “मी काही बोलणार नाही. तुम्ही म्हणाल तिथे वळेन.”

बूट थांबलेलेच होते.

“बरं, नका नेऊ. पण एक करा. आईशी काय बोलायचं ते बोला. बाबांशी बोलू नका. ते माझं आहे. ते मला ठेवा.” तिला रडू आवरेना, आणि थेंब खाली पडायला किती वेळ लागतोय हे तिला दिसत होतं. “ऐकताय ना? तेवढं माझ्यासाठी ठेवा.”

डावा बूट जरासा वळला. मग बाहेर बसचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला आणि दोन्ही बूट बॅग घेऊन निघाले. मोरिताबाई रस्त्यापर्यंत गेल्या आणि बस वळेपर्यंत वाकून उभ्या राहिल्या.

हर्षलाच्या खोलीत त्याच दुपारी नवी मुलगी आली. हर्षलाला काउंटरमागची गादी मिळाली. तिने दिवस मोजले, विमान मोजलं, मुंबईहून इचलकरंजीची बस मोजली. बारा तारखेला दुपारी तिने काउंटरवरचा टॅब घेतला आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. आई दारात उभी होती, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. लांबून आलेल्या पोरीवरून ओवाळायचा भाकरीचा तुकडा तिने नुकताच टाकला असावा, कारण तिचे डोळे ओले होते आणि ती हसत होती.

“नमस्कार, नमस्कार,” आई म्हणाली. “तुम्हीच का त्या होस्टेलच्या बाई?”

“आई, मी हर्षला.”

“हो हो, पोचली की हर्षला! ही काय, आत्ताच आली. तुम्ही काळजी करत असाल म्हणून तीच फोन करणार होती.”

“आई, माझ्याकडे बघ. नीट बघ.”

आईने फोन डोळ्यांजवळ नेला. तिच्या कपाळावरच्या आठ्या, चष्म्याची दोऱ्याने बांधलेली काडी, सगळं हर्षलाला दिसत होतं.

“किती छान मराठी बोलता हो तुम्ही!” आई म्हणाली. “आमच्या पोरीनंच शिकवलं असणार. लई उपकार झाले तुमचे. परक्या मुलखात तिला आईसारखं सांभाळलंत. एकदा या की इकडं, राहायलाच या.” मग ती मागे वळून ओरडली, “अहो, जपानच्या बाई हायत. जरा बोला की.”

कुणी आलं नाही. आईने फोन फडताळावर डब्याला टेकवून ठेवला आणि ‘थांबा हं, तव्यावर भाकरी हाय’ म्हणत ती गेली. फोन बंद करायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही.

टॅबमध्ये आता स्वयंपाकघर दिसत होतं. जमिनीवर तीन ताटं मांडलेली होती. एका पाटावर बाबा बसले होते, शेजारच्या पाटावर बूट. बाबा सप्टेंबरापेक्षा वाळले होते. ते बराच वेळ आपल्या ताटाकडे बघत राहिले.

“बाबा,” हर्षला म्हणाली. मग ती ओरडली, जितकं ओरडता येतं तितकं. होस्टेलच्या जिन्यातली मुलं थबकली. टॅबमधल्या स्वयंपाकघरात शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट चालू होता.

बुटांनी त्याच वेळी काहीतरी म्हटलं असावं. बाबांनी मान वर केली. त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, बुटांचा पाट सरकवून जवळ घेतला आणि स्वतःची भाकरी मोडून अर्धी शेजारच्या ताटात ठेवली.