दोरीचं टोक

योंगजू ताईला पंच करायचं ठरलं आहे, हे इनसोपने मला शनिवारी सकाळी सांगितलं, मी किंबाप, म्हणजे भाताच्या गुंडाळ्या, कापत असताना. सुरी दर वेळी ओली करावी लागते, नाहीतर भात चिकटतो. शिवाय आमची लेक दानबी कोपराशी उभी राहून टोकाचे तुकडे मागत होती. त्यामुळे मी मान वर केली नाही, कोणी ठरवलं एवढंच विचारलं. नव्या पाळकांनी आणि त्याने मिळून, म्हणाला. इनसोप माझा नवरा, आणि आमच्या जोडप्यांच्या मंडळाचा प्रमुख.

मी म्हटलं, पण ती दोरी फिरवते.

"म्हणून तर," तो म्हणाला. "आता कोणाकडून फिरवणार? पंच केलं की कोणालाच अवघडायला नको."

दर ऑक्टोबरात आमच्या चर्चची मंडळी प्राथमिक शाळेचं मैदान मागून घेते आणि तिथे तरुण संघ विरुद्ध जोडप्यांचं मंडळ असे सामने होतात. बक्षीस म्हणून रामेन नूडल्सची खोकी असतात, पण त्यांच्यासाठी कोणी धावत नाही. हरलेल्या बाजूने सगळ्यांची भांडी घासायची आणि जिंकलेल्यांनी पाकिटाची कॉफी पीत बघत बसायचं, असं आहे. लोक धावतात ते त्यासाठी.

लग्न झालं की माणूस तरुण संघातून उठतो आणि जोडप्यांच्या मंडळात जाऊन बसतो. नाही झालं तर तिथेच राहतो. योंगजू ताई एकोणचाळीस वर्षांची आहे आणि अजून तिथेच आहे. मी कॉलेजसाठी जेचॉनला आले तेव्हा पहिल्या रविवारी तिनेच माझ्या ताटलीत किमची वाढून शेजारी बसवून घेतलं होतं. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. मला, इनसोपला आणि अर्ध्या मंडळीला गाडी तिने शिकवली. तळघराच्या जिन्यात तरुण संघाचे दरवर्षीचे फोटो ओळीने लावले आहेत. त्यांत आजूबाजूचे चेहरे बदलत जातात, ताई तेवढी राहते. कधी तिचे केस आखूड, कधी चष्मा नवा, हातात मात्र दर वेळी गुंडाळलेली दोरी. शेवटचा खेळ लांब दोरीचा असतो. दोघांनी दोन टोकं धरून फिरवायची आणि दहाजणांनी एकदम उड्या मारायच्या. दोरी कोणाला नुसती लागली तरी डाव तिथेच संपतो. एक टोक कायम तिचं.

नव्या पाळकांनी उन्हाळ्यात नियम केला. पस्तिशी ओलांडलेल्या अविवाहितांनी जानेवारीपासून आपापल्या वयाच्या महिला किंवा पुरुष मंडळात जायचं. नियमात गैर काही नव्हतं. तरुण संघात विशीतली मुलं येईनाशी झाली होती, आणि वर बसलेली मोठी माणसं पाहून ती बिचकतात असं पाळकांचं म्हणणं.  गेल्या रविवारी जेवणाच्या रांगेत ताई माझ्या मागे होती. म्हणाली, "सेजिन, यंदाची दोरी फिरवते आणि मग जाते. तेवढी एक फिरवायची आहे." मंडळीत सगळे मला दानबीची आई म्हणतात. नावाने हाक मारणारी तीच एक उरली आहे.

हे मी इनसोपला सांगायला हवं होतं, पण दानबीच्या बुटाचा बंद सुटला, मग पाण्याची बाटली सापडेना, आणि आम्ही निघालो.

मैदानावर पोचल्यावर मी नेहमीप्रमाणे आधी धोके बघून घेतले. गिंकोच्या झाडाखाली पिकलेली फळं पडून वास सुटला होता, आणि दानबी जमिनीवरचं सगळं तोंडात घालते. सूप उकळत होतं त्या शेगडीची नळी वाटेतच पडली होती, ती मी पायाने कडेला सरकवली. व्हॉलीबॉलच्या जाळ्यापासून जरा लांब, ऊन पाठीशी येईल अशी, आमची चटई टाकली.

पाळकांनी लाल फितीची शिट्टी ताईच्या हातात दिली ती सगळ्यांसमोर, हसत. "योंगजू भगिनींइतकं निःपक्षपाती दुसरं कोण मिळणार?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईने शिट्टीकडे पाहिलं, मग गोलपोस्टपाशी गुंडाळून ठेवलेल्या दोरीकडे, आणि म्हणाली, "बरं." फीत गळ्यात घातली. इनसोप माझ्याकडे पाहून, झालं की नाही नीट, अशा अर्थाने मान हलवून गेला.

पंच म्हणून ती कडक निघाली. पायाने खेळायच्या व्हॉलीबॉलमध्ये तिने इनसोपचे दोन गुण कापले. तो वाद घालायला आला तेव्हा त्याला म्हणाली, "गाडी शिकतानाही तू रेघेवरच चाक घालायचास." बूट भिरकावण्याच्या शर्यतीत आमच्यातल्या एकाचा बूट सायकलींच्या शेडच्या पत्र्यावर जाऊन बसला. तो अंतरात मोजायचा की नाही यावर बरीच चर्चा झाली. ताईने निकाल दिला की बूट परत आणून दाखवला तर मोजू. बूट येईना, तेव्हा तो गृहस्थ उरलेला दिवस शाळेच्या सपाता घालून खेळला. मुलं पोट धरून हसत होती. ताईही हसली, पण दोन्ही गटांच्या मधोमध, चुन्याच्या रेघेवर उभी राहून. जेवतानाही ती पाळकांच्या शेजारी बसली, कारण तिला तिथे बोलावलं गेलं. एरवी ती तरुण संघाच्या चटईवर असते, मुलांच्या डब्यांतलं ओरबाडत. मी दोन-तीनदा पाहिलं, ती सूप नुसतंच ढवळत होती.

दुपारपर्यंत गुण बरोबरीत आले. राहिली दोरी.

तीन संधी, त्यातली सगळ्यांत चांगली धरायची. आधी आमचं मंडळ. आमच्यात दोघींची पोटं पुढे आलेली, एकाची कंबर धरलेली, तरी एकोणीस उड्या झाल्या. इनसोप घामाने निथळत येऊन चटईवर पडला आणि म्हणाला, आज भांडी नाहीत.

तरुण संघाकडून दोरी धरली तेगनने आणि दुसऱ्या एका उंच मुलाने. तेगन कॉलेजात आहे. ताईच्या समोरचं टोक गेली दोन वर्षं तोच धरतो. दुसऱ्याला मात्र दोरी म्हणजे पंख्यासारखी फिरवायची, एवढंच माहीत. पहिल्या वेळी सहाव्या उडीला अडकली. दुसऱ्या वेळी घाबरून त्याने आणखी वेग घेतला आणि चौथीलाच बोराच्या पायात गेली. बोरा नर्सिंग शिकते, सगळ्यांत पुढे उभी असते. तिने गुडघा चोळत त्याला विचारलं, "अरे, दोरी फिरवतोयस की आम्हाला झोडपतोयस?"

ताई माझ्या चटईपासून दोन पावलांवर उभी होती. तिचा उजवा हात मांडीपाशी हलत होता. मनगटातून, हळू, गोल. तिला ते कळत नसावं. मग हात थांबला. तिने गळ्यातली फीत काढली आणि माझ्यासमोर धरली.

"सेजिन, धर जरा."

मी दानबीला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने शिट्टी घेतली. दानबीने लगेच ती तोंडात घालायचा प्रयत्न केला. आत छोटा मणी होता, तो निघतो की काय हे मी बघेपर्यंत ताई दोरीपाशी पोचली होती. त्या उंच मुलाने न विचारता टोक तिच्या हातात दिलं आणि सुटल्यासारखा बाजूला जाऊन उभा राहिला.

इनसोप उठून गेला. आवाज चढवला नाही त्याने. "ताई, तुम्ही पंच आहात."

"पंच ती आहे," ताईने माझ्याकडे हनुवटी केली.

मग सगळेच माझ्याकडे बघायला लागले. मला असं मधोमध उभं राहायची सवय नाही. मी कडेला बसून बघणारी. इनसोप म्हणाला, "दानबीची आई, सांग बाई तू. ताई दोन्हीकडे नाहीत असं ठरलं होतं ना?"

ठरलं होतं. किंबाप कापताना मीही ते ऐकून घेतलं होतं. मी पाळकांकडे पाहिलं. ते कागदी पेला हातात घेऊन उभे होते.

मी विचारलं, "पाळकसाहेब, नियम जानेवारीपासून आहे ना?"

ते म्हणाले, हो, जानेवारीपासून.

"मग डिसेंबरपर्यंत ती तरुण संघात आहे," मी म्हटलं. माझा आवाज मला नको तितका बारीक वाटला. "फिरवू दे तिला."

पाळकांनी पेल्यात पाहिलं आणि मान डोलावली. इनसोपने माझ्याकडे पाहिलं. यावर घरी बोलणं होणार हे मला कळलं. तो जाऊन आमच्या लोकांत बसला. कोणीतरी त्याला म्हणालं की तुझ्या घरातच फितुरी आहे, आणि ते सगळे हसले. तो हसला नाही.

ताईने दोरी आधी नुसती जमिनीवर डोलवली. समोरून तेगनने तशीच डोलवली. मग तिने एकदाच म्हटलं, "माझ्याकडे बघू नका, आवाज ऐका," आणि दोरी वर गेली. मैदानाच्या वाळूवर ती दर फेरीला एकाच जागी, एकाच आवाजाने टेकत होती. मघाशी पाय कुठे टाकू अशी झालेली मुलं आता त्या आवाजाबरोबर उडत होती. मोजणं माझ्याकडे होतं. मी मोठ्याने मोजत होते आणि दानबी माझं बोट धरून, दोन्ही पाय काही केल्या एकदम उचलता न येता, तिच्या तिच्या उड्या मारत होती. दहा झाल्या, बारा झाल्या. आमची मंडळीही मोजायला लागली. ताईचा चेहरा मला समोरून दिसत होता. गाडीत शेजारी बसून रस्त्याकडे बघायची, तसा.

सतराव्या उडीला दोरी बोराच्या बुटाच्या टाचेला लागली.

अडकली नाही. घासून निसटली आणि पुढे गेली. मूल हाताशी आल्यापासून माझी नजर सतत खाली असते, पायांवर, कडांवर, जमिनीवर काय पडलंय त्यावर. म्हणून मला दिसलं. दुसऱ्या कोणाला दिसल्याचं कुठल्याच चेहऱ्यावर नव्हतं. दोरी वर चढत होती. आणखी तीन उड्या आणि ताई जिंकली असती. पंच मी होते, आणि ती मला सेजिन म्हणते.

मी शिट्टी वाजवली.

दोरी एक फेरी आणखी फिरून पडली. आरडाओरडा झाला. बोरा माझ्याकडे वळली, "काय झालं काय? लागली नाही हो वहिनी, शपथ." तेगन म्हणाला, दोरी थांबलीच नव्हती. आमच्या बाजूचे लोक एकमेकांकडे बघत होते. त्यांना जिंकायचं होतं, पण असं जिंकल्याची खात्री नव्हती. इनसोपसुद्धा अर्धवट उठून उभा होता.  मला वाटलं, आता ताईने एकदा माझ्याकडे बघावं, आणि वाटलं, बघू नये.

ताई दोरी गुंडाळायला लागली होती. कोपर आणि पंजा यांच्यामध्ये, एकेक वेढा.

"लागली," ती म्हणाली. "माझ्या हाताला कळलं."

बोरा म्हणाली, "ताई, पण..."

"टाचेला लागली. बूट एक नंबर मोठा घालतेस, तुला कुठून कळणार? तिने वाजवली नसती तर मीच सोडली असती." मग तिने माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. गाडी शिकताना मी आरसा नीट लावला की ती मान हलवायची, तशी हलवली.

आमचं मंडळ जिंकलं. खोकी उचलून झाली, फोटो झाले. तरुण संघाच्या फोटोत ताई नेहमीच्या जागी, दोरी हातात घेऊन उभी राहिली. या वेळी तिला कोणी थांबवलं नाही, की या म्हणूनही सांगावं लागलं नाही. मग मुलं सुपाची पातेली उचलून मैदानाच्या कडेच्या नळांकडे गेली. इनसोप दोन पेले कॉफी घेऊन ताईकडे गेला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. तो म्हणाला, "तुम्ही बसा ताई, ती मुलं घासतील."

ताई गुलाबी रबरी हातमोजे चढवत होती. "हरलो ना आम्ही," म्हणाली, आणि गेली. तो दोन्ही हातांत पेले धरून तसाच उभा राहिला. मी दानबीला त्याच्यापाशी सोडलं, गिंकोकडे जाऊ देऊ नको म्हणून दोनदा बजावलं, आणि नळांकडे गेले.

तिथे भलताच गोंधळ चालला होता. बोरा फेस उडवत होती. तेगन पातेल्यात जवळजवळ कंबरेपर्यंत वाकला होता आणि ताई त्याला सांगत होती की कडेची चरबी राहिली तर पुन्हा घासायला लावीन. मी कोरडं फडकं उचललं.

"तू कुठे?" ताई म्हणाली. "जिंकलेल्यांनी तिकडे बसायचं."

मी म्हटलं, पुसते फक्त.

"सेजिन, ठेव ते. कॉफी पी जा." ती रागावलेली नव्हती. मुलं हसली, बोराने माझ्या दिशेने पाणी उडवलं, तेही चांगल्या मनानेच. मी फडकं कट्ट्यावर ठेवलं. मग मला शिट्टी आठवली. गळ्यातून काढून तिच्यापुढे धरली तर ती म्हणाली, "हात ओले आहेत. राहू दे तुझ्याकडे. पुढच्या वर्षी लागेल."

पुढच्या वर्षी कोणाकडून, असं मी विचारलं.

"महिला मंडळाकडून. त्यांचा संघच नाही अजून. बघते, कोणाकोणाचे गुडघे शाबूत आहेत ते." तिने पातेलं उलटं करून नळाखाली धरलं. "तेव्हाही अशीच बघ. पायांकडे."

मी परत चटईवर आले. इनसोपने माझा पेला पुढे केला. कॉफी निवली होती. नळांकडून पुन्हा हसणं ऐकू आलं. दानबीच्या मुठीत काहीतरी होतं. मी मूठ उघडून पाहिली. नुसतं पान होतं, पिवळं. ते मी तिला ठेवू दिलं.