ओढ्यापलीकडचा बाक

घडीची खुर्ची त्याने पिशवीत घालून गुपचूप दाराआड ठेवली होती. पण ताईच्या नजरेतून काही सुटेल तर शपथ. तिने पिशवी उघडली, खुर्ची बाहेर काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"हे ओझं कशाला?"

"असू दे. लागली तर."

"बाक आहे ना तिथे? तूच लिहिलंयस." तिने पर्समधून पुस्तिका काढली आणि त्याच्या नाकासमोर धरली. "पान तेवीस. ओढ्याच्या पलीकडे, सावलीत, पाठ टेकायची सोय असलेला लाकडी बाक."

पाठ टेकायची सोय. तेवढंसुद्धा लिहून ठेवलं होतं त्याने. खुर्ची घरीच राहिली आणि बहीणभाऊ बस पकडायला निघाले.

तो जिल्ह्याच्या पर्यटन कचेरीत कामाला होता आणि तिथे सगळे त्याला वाटाड्या म्हणत. 'बारा सोप्या वाटा' ही पुस्तिका त्याचीच. शहरातल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी शेतातून, रानातून दोन-अडीच तास चालून यावं, कुठे चुकू नये, कुठे धापा टाकू नयेत, यासाठी लिहिलेली. त्यातल्या अकरा वाटा तो स्वतःच्या पायांनी, हातात घड्याळ धरून चालला होता. बारावी मात्र अर्धवटच. त्या दिवशी बूट चावत होता, भुरभुर सुरू झाली होती आणि परतीची बस चुकायची भीती होती. रानाच्या तोंडापर्यंत जाऊन तो मागे फिरला आणि राहिलेली वाट त्याने टेबलाशी बसून नकाशावरून उतरवली. तेवढ्यावर भागलंही असतं. पण पुस्तिकेच्या शेवटी एक तक्ता होता, त्यात 'बसण्याची सोय' असा रकाना होता, आणि साहेबांना रिकामा रकाना दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. छपाईवाला दारात उभा. मग त्याने ओढ्याच्या पलीकडे एक बाक टाकून दिला. कागदावर बाक टाकायला कितीसा वेळ लागतो?

गंमत म्हणजे बारा वाटांमध्ये सगळ्यात सुंदर वर्णन याच वाटेचं उतरलं होतं. बाकीच्या अकरांमध्ये चिखल होता, कुत्री होती, गंजलेली फाटकं होती. इथे मधे यायला काहीच नव्हतं. ताईने तीच वाट निवडली यात तिचा काय दोष?

"चौथी वाट घेऊ या ना," तो बसमध्ये बसल्यावर म्हणाला. "तळ्याकाठची. सपाट आहे एकदम."

"तिथे बाक कितव्या मिनिटाला?"

"पंचवीस आणि साठ."

"मग नाही जमायचं. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय? चाळीस मिनिटं चालायचं, दहा मिनिटं बसायचं. आणि बसायचं ते गुडघ्यापेक्षा उंच जागेवर. जमिनीवर नाही, दगडावर नाही. नाहीतर नवीन खुबा निखळायचा आणि पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जायची पाळी. तुझ्या बाराव्या वाटेवर बाक बरोबर चाळिसाव्या मिनिटाला आहे. माझ्यासाठीच ठेवल्यासारखा."

खुब्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले होते आणि घराबाहेर लांबवर चालायला ती आज पहिल्यांदाच निघाली होती. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई दिवसभर कामावर असायची, तेव्हा याचे डबे, याचे ताप, याच्या शाळेतल्या भानगडी सगळं हिनेच निस्तरलं. पुढे चाळीस वर्षं तिने औषधाच्या दुकानात काम केलं. बाटली हातात आली की लेबल दोनदा वाचायचं, ही तिची सवय हाडात भिनलेली. घरातसुद्धा दुधाच्या पिशवीवरची तारीख, विजेचं बिल, डॉक्टरांचं अक्षर सगळं दोनदा तपासायची. शेजारीण सांगत आली की पाणी जाणार आहे, तर ही दुसऱ्या शेजारणीला विचारून यायची. एका धाकट्या भावाचा शब्द तेवढा तिने जन्मात तपासला नव्हता. तो चौथीत असताना वर्गाची काच फुटली, तेव्हा मुख्याध्यापकांसमोर कमरेवर हात ठेवून ही म्हणाली होती, "तो नाही म्हणतो ना, मग नाही." काच त्यानेच फोडली होती. ते सांगायचं आज सांगू, उद्या सांगू करत राहूनच गेलं.

बसमधून उतरल्यावर ताईने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. "डाव्या हाताला हिरवं फाटक. उघडून पुन्हा लावून घ्यावं, आत गुरं असतात." हिरवं फाटक होतं. गुरंही होती. "गव्हाच्या शेताच्या बांधावरून सरळ." बांध होता, गहू होता, वारा आला की सगळं शेत एका अंगाला कलत होतं. ताई खूश होती. काठी टेकत, मधेच थांबून श्वास घेत, पुन्हा वाचत ती चालली होती आणि प्रत्येक वाक्य खरं निघालं की त्याच्याकडे बघून मान डोलावत होती. त्याला मात्र गव्हातही चैन नव्हतं आणि वाऱ्यातही. दर दोन मिनिटांनी त्याचं मनगट वर जात होतं.

"सारखं घड्याळ काय बघतोस? कुणी वाट बघतंय का?"

"सवय गं. कामाची."

सांगून टाकावं, असं त्याने तीनदा ठरवलं. पहिल्यांदा बांधावर, पण तेवढ्यात ताईचा पाय जरासा मुरगळला. दुसऱ्यांदा विहिरीपाशी, पण तिथे ती म्हणाली, "किती नेमकं लिहितोस रे तू," आणि तो पुढे चालू लागला. तिसऱ्यांदा रानाच्या तोंडाशी. तिसावं मिनिट होतं. त्या दिवशी तो इथूनच परत फिरला होता. इथून पुढे त्याला ताईइतकंच माहीत होतं, म्हणजे पुस्तिकेत होतं तेवढं.

"ताई, मागे फिरू या का? तू दमलीस."

ती खरंच दमली होती. कपाळावर घाम होता आणि काठीवर आता दोन्ही हात होते. तिने शांतपणे विचार केला. "मागे बसायला कुठे होतं?"

"बसथांब्यावर."

"म्हणजे अर्धा तास. आणि पुढे बाक?"

आता बोल. एवढंच म्हण की ताई, बाक नाही. फार तर दोन शिव्या बसतील, आपण हळूहळू परत जाऊ, वाटेत एखादा ट्रॅक्टर भेटेल. हे सगळं त्याच्या डोक्यात लख्ख होतं.

"दहा मिनिटं," तो म्हणाला.

"मग पुढेच."

रानात शिरल्यावर त्याची जी तारांबळ उडाली ती ताईला दिसली नाही, कारण ती पायांखाली बघून चालत होती. तो प्रत्येक तोडलेल्या बुंध्याची उंची नजरेने मोजत होता. हा फार खुजा. हा बरा आहे, पण तिरका. तो उंच आहे, पण वर मुंग्या. आडवं पडलेलं एक खोड त्याने पायाने दाबून पाहिलं, तर ते भुसभुशीत निघालं आणि बूट आत गेला. छत्तीस मिनिटं. ताईने पुस्तिका पर्समध्ये ठेवून दिली होती, कारण हात मोकळे हवे होते. मधेच तिने त्याचा दंड धरला आणि तिच्या बोटांचा जोर त्याला बाहीतून जाणवला. त्याला रडू यायचं बाकी होतं.

"मी जरा पुढे बघून येतो," म्हणून तो निघाला तो जवळजवळ पळतच. पूल आला. नकाशात होता, तो पूल खरंच होता, दोन फळ्यांचा. पुलाच्या पलीकडे रान संपून एक कुरण सुरू होत होतं, आणि कुरणाच्या कडेला, झाडाच्या सावलीत, बाक होता.

त्याने डोळे चोळले. बाक तिथेच होता. चांगला रुंद, गुडघ्याच्या वर, पाठ टेकायची सोय असलेला.

तो तसाच मागे आला, ताईला जवळजवळ उचलून पुलावरून नेलं आणि बाकावर बसवलं. तिने पाठ टेकली, डोळे मिटले आणि मोठा सुस्कारा सोडला. आणि इथे, खरं सांगायचं तर, आपल्या या वाटाड्याने जी चूक केली ती बाक लिहिण्याहून मोठी होती. गप्प बसावं की नाही? पण जीव भांड्यात पडला होता, अंगात हुशारी आली होती.

"बघ," तो म्हणाला. "म्हटलं होतं ना?"

"तू म्हटल्यावर असणारच." ताईने थर्मास उघडला आणि त्याला आधी चहा दिला. मग तिचा हात बाकाच्या कडेवरून फिरला आणि थांबला. "बाकाला कडी कशाला रे?"

खरंच, फळीच्या टोकाला एक लोखंडी कडी होती. पाठीमागे दोन बिजागऱ्याही होत्या.

"जुन्या लाकडाचे करतो आम्ही," तो चहाचा घोट घेत म्हणाला. "आमच्या कचेरीची तशी पद्धतच आहे. तेवढीच झाडं वाचतात."

कुरणाच्या पलीकडे गोठा होता. तिथून एक बाई हातात बादली घेऊन त्यांच्याकडे येत होती. पन्नाशीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, चालणं भरभर. ती जवळ आली, बादली खाली ठेवली आणि दोघांना न्याहाळलं.

"पुस्तिका बघून आलात?"

"हो," ताई कौतुकाने म्हणाली. "बाक फार चांगला आहे हो. कचेरीने सोय छान केलीय."

"कचेरीने?" गोठ्याची मालकीण हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "हा माझ्या गोठ्याचा दरवाजा आहे, बाई. इथे बाकबीक काही नव्हता. दोन वर्षं माणसं येऊन माझ्या दारात उभी. बाक कुठाय, बाक कुठाय. मी म्हणायची, नाही बाबा बाक. तर मलाच पुस्तिका दाखवायची. छापलंय म्हणे! मी खोटी आणि पुस्तिका खरी."

त्याने कप खाली ठेवला. चहा अजून अर्धा होता.

"मग दरवाजा का काढलात?" ताईने विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यात एक म्हातारबाबा आले. एकटेच, काठी घेऊन. इकडून तिकडे, तिकडून इकडे, बाक शोधत चार चकरा मारल्या असतील त्यांनी. मी धार काढत होते, मला वाटलं बघतील आणि जातील. शेवटी ते गवतातच बसले, आणि मग त्यांना उठता येईना. हाका मारत होते, पण यंत्राच्या आवाजात मला ऐकूच आलं नाही. कोण जाणे किती वेळ." ती थांबली. "ट्रॉलीत गादी टाकून मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं आम्ही."

"आता बरे आहेत ना?"

"ते आम्हाला कोण कळवणार? आम्ही काय नात्यातले? दुसऱ्या दिवशी मी दरवाजा उतरवला आणि ठोकला. पाठसुद्धा केली. पुस्तिकेत पाठ आहे ना." तिने बादली उचलली. "तुम्ही शहरातली माणसं. त्या कचेरीतलं कुणी ओळखीचं आहे का? हे कोणी लिहिलं, त्याचं तोंड एकदा बघायचंय मला."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत ती याच्यासाठी पुढे झाली होती, त्यानंतर आईसमोर, साहेबांसमोर, त्याच्या बायकोसमोरसुद्धा कितीदा तरी. आज ती नुसती बघत राहिली. हात पर्सवर होते आणि पर्समध्ये पुस्तिका होती. ओढ्याचं पाणी वाहत होतं, गोठ्यात कुठेतरी साखळी वाजली. ती बोलेल, आत्ता बोलेल, असं त्याला वाटत होतं. ती बोलली नाही.

"मी लिहिलं," तो म्हणाला. "मी इथे आलोच नव्हतो. रानापासूनच मागे फिरलो होतो."

मालकिणीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तो आता शिव्यांची वाट बघत होता, त्या मिळाल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं.

"तुम्ही होय," ती म्हणाली. "मग बाकाचा तो डावा पाय हलतोय, त्याच्याखाली दगड सारा. मला वेळ होत नाही. तुम्हाला वाकायला काही अडचण नसेल."

तो ओढ्यातून एक चपटा दगड घेऊन आला. मातीत गुडघे टेकून त्याने तो बाकाच्या पायाखाली सारला. ताई वर बसलेली होती, तिचे बूट त्याच्या तोंडासमोर होते. तिने पाय जरासे बाजूला घेतले, एवढंच.

"सांगणार होतो मी," तो खालूनच म्हणाला. "तीनदा."

"दहा मिनिटं म्हणालास," ताई म्हणाली. "रानाच्या तोंडाशी. मी दमले होते, तुला दिसत होतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं.

त्याने दगड घट्ट बसलाय का ते हलवून पाहिलं. बसला होता.

"पुढची वाट कशी आहे?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"बरं." तिने थर्मासचं झाकण लावलं. मालकिणीने हात करून दाखवलं, की गोठ्यामागचा गाडीरस्ता धरा, सपाट आहे, बाईंच्या चालीने वीस मिनिटांत मोठा रस्ता लागेल आणि थांब्याला कट्टा आहे. ताईने ते मन लावून ऐकलं, एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

"बस पावणेचारला आहे," तो उठत म्हणाला. जिल्ह्यातल्या सगळ्या बसच्या वेळा त्याला तोंडपाठ होत्या. त्यात तो कधी चुकला नव्हता.

ताई मालकिणीकडे वळली. "पावणेचारलाच आहे ना हो?"

"हो, पावणेचारलाच," ती म्हणाली. मग ताईने काठी घेतली आणि ती उठली.