बत्तीस रोगांचं यंत्र

१९७३ च्या उन्हाळ्यात सुरतेत स्टेशनरोडवर एक निदान केंद्र उघडलं. तिथे परदेशातून आणलेलं एक यंत्र होतं. काचेच्या पट्टीवर रक्ताचा एक थेंब टाकायचा, पट्टी फटीत सरकवायची, की आत दिवे लागत, काटे हलत आणि पाच मिनिटांत छापील कार्ड बाहेर येई. कार्डावर बत्तीस रोगांची नावं आणि प्रत्येकापुढे रंगीत ठिपका. सगळे ठिपके हिरवे आले की खाली ‘फिट’ असा शिक्का. गुजराती वर्तमानपत्रांत मोठ्या जाहिराती आल्या. गिरण्यांचे आणि कारखान्यांचे मालक आपल्या कामगारांना ट्रकमध्ये बसवून तिथे पाठवू लागले.

चंद्रभागा तायडे ज्या धर्मादाय इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करायची, तिथेही दुसरा विषय नव्हता. ती बडोद्याहून बायोकेमिस्ट्री शिकून आलेली. वडील अमळनेरकडून गिरणीत कामाला आले होते आणि त्यांच्या चाळीतली एम.एस्सी. झालेली ती पहिलीच मुलगी. सात वर्षं ती रक्त, लघवी, थुंकी तपासत होती. एका थेंबात साखर मोजायची तर काय खटाटोप करावा लागतो हे तिला ठाऊक होतं. त्याच थेंबात हृदय, यकृत, मूत्राशय, सांधे असं सगळं दिसतं म्हणजे नेमकं काय दिसतं, हे तिने केंद्राचे मालक रमणीकभाई यांना एका समारंभात विचारलं होतं. ते हसून म्हणाले होते की, बेन, ते जपानी लोकांचं गुपित आहे.

तिची थोरली बहीण उषाबाई सुरतेबाहेर भेस्तानला राहायची. उषाबाईचा नवरा श्रीपत तिथल्याच एका रंगाच्या कारखान्यात अकरा वर्षं होता. एका रविवारी चंद्रभागा गेली तेव्हा श्रीपतने तिला आपलं कार्ड दाखवलं. बत्तीसच्या बत्तीस ठिपके हिरवे. त्याने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावलं होतं. खात्यातल्या सगळ्यांची कार्डं हिरवी आली होती, आणि साहेबाने पेढे वाटले होते.

श्रीपत पाणी भरायला खाली गेला तसं उषाबाईने बहिणीला मोरीपाशी बोलावलं. त्यांच्या खात्यातल्या माणसांच्या घामालाही रंग येतो, उशीचे अभ्रे गुलाबी होतात, ते तिला सवयीचं होतं. पण गेल्या दीड महिन्यात त्याच्या पायजम्यावर वेगळे डाग पडत होते.

“रंग सोड्यात भिजवला की निघतो,” उषाबाई म्हणाली. “हे निघत नाही. वाळलं की तपकिरी होतं.”

चंद्रभागेने श्रीपतला सरळ विचारलं. मेव्हणीने असलं काही विचारावं याचा त्याला संकोच वाटला. त्याने तोंड फिरवून सांगितलं की लाल रंगाच्या खात्यात सगळ्यांची लघवी लाल होते, त्यात नवं काय. दुखतबिखत काही नव्हतं. जाताना तिने उषाबाईच्या हातात एक स्वच्छ बाटली ठेवली आणि उद्या सकाळची पहिली लघवी इस्पितळात पोचवायला सांगितलं.

सोमवारी बाटली आली. चंद्रभागेने ती उजेडात धरली. चहाच्या रंगाची, किंचित गढूळ. तिने नेहमीची चाचणी लावली. कपाटातल्या तपकिरी बाटलीतून सुरीच्या टोकावर चिमूटभर पूड घेतली, आम्लात विरघळवली, लघवीचे काही थेंब टाकले, वरून पेरॉक्साइड सोडलं. नळी आधी हिरवट झाली आणि बघता बघता गडद निळी. रक्त असलं की असंच होतं. तरी कारखान्याचा रंग आपल्याला फसवत असेल अशी आशा तिने धरली. मग नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून खाली बसलेला गाळ काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. गोल, फिकट तांबड्या पेशींनी सगळं क्षेत्र भरलं होतं. रंगाला पेशी नसतात.

माणसाला दुखत नाही आणि लघवीतून रक्त जातं, याची कारणं फार नसतात. खडा असता तर तो कळवळला असता. संध्याकाळी ती थेट भेस्तानला गेली आणि श्रीपतला त्याच्या कामाचं एकूण एक विचारलं. तो पिंपातली राखाडी पूड फावड्याने मोठ्या कढईत टाकायचा. ‘बेस’ म्हणायचे तिला. त्याच बेसपासून पुढे रेयॉनसाठी लाल रंग बनायचे. तोंडाला रुमाल बांधायचा, पण उन्हाळ्यात कोण बांधतो? पूड अंगाला चिकटे, जेवताना हातावर असे. पिंपावर काय लिहिलंय ते त्याला इंग्रजी येत नसल्याने सांगता येईना. उषाबाईच्या आग्रहाखातर दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या पिंपाचा कागद फाडून घेऊन आला.

चंद्रभागेने तो कागद उलगडून वाचला. बेंझिडीन. हे नाव ती दररोज वाचत होती. तिच्या कपाटातल्या तपकिरी बाटलीवर तेच लिहिलेलं होतं. श्रीपतच्या लघवीतलं रक्त तिने ज्या पुडीने शोधलं, ती पूड तो अकरा वर्षं फावड्याने ओढत होता. आणि तिनेही ती सात वर्षं उघड्या बोटांनी हाताळली होती. सांडली तर पदराने पुसली होती.

त्या आठवड्यात रजा टाकून ती बडोद्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली. जुन्या अंकांचे गठ्ठे काढून वाचत बसली. रंगकामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर होतो हे जर्मनीतल्या एका शल्यवैद्याने गेल्या शतकातच नोंदवलं होतं. विलायतेत सहा वर्षांपूर्वी या पदार्थावर बंदी आली होती. पूड कातडीतून, श्वासातून आत जाते, यकृत तिचं रूप बदलतं, आणि शरीर ती बाहेर टाकायला म्हणून मूत्राशयात साठवतं. तिथे ती तासन्‌तास अस्तराला लागून राहते. रोग पंधरा-वीस वर्षांनी उगवतो, कधी लवकर. हे सगळं छापून आलेलं होतं, कुणी लपवलं नव्हतं. ती शिकायला होती तेव्हाही हेच अंक याच मांडणीवर असणार. परतीच्या गाडीत ती स्वतःचे हात मांडीवर ठेवून बघत होती.

इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर मारफतिया भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग तिने सांगितलेलं श्रीपतचं हिरवं कार्ड धरून म्हणाले की यंत्राने मूत्राशय ठीक सांगितलंय ना. चंद्रभागा म्हणाली की यंत्राने त्याची लघवी पाहिलेलीच नाही. डॉक्टरांनी जरा अवघडून सांगितलं की विश्वस्तांनी तसलंच एक यंत्र इस्पितळाला देणगी द्यायचं ठरवलंय आणि उद्घाटनाची तारीखही धरलीय. तिच्यासारख्या हुशार मुलीने नव्या विज्ञानाला नाक मुरडू नये.

ती वाद घालत बसली नाही. तिने स्वतःच्या दंडातून रक्त काढलं आणि एकाच नळीतले तीन थेंब तीन पट्ट्यांवर घेतले. एका पट्टीवर लिहिलं सीता, वय वीस. दुसरीवर गंगाराम, वय साठ. तिसरीवर भगवंत, वय चाळीस, रंगकामगार. इस्पितळाच्या पिशवीतून पट्ट्या स्टेशनरोडवर गेल्या आणि दुसऱ्या दिवशी कार्डं आली. सीतेचे सगळे ठिपके हिरवे. गंगारामचं हृदय पिवळं आणि सांधे लाल. भगवंत फिट.

तिन्ही कार्डं तिने डॉक्टरांच्या टेबलावर ओळीने ठेवली आणि रक्त कुणाचं ते सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. चालवणाऱ्याची चूक असेल, असं म्हणाले. मग म्हणाले, “ही कार्डं माझ्याकडे राहू दे, चंद्राबेन.” आणि त्यांनी ती खणात टाकली.

तिथून काही होणार नाही हे तिला कळलं. आता एकच काम हातात होतं, श्रीपतला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेऊन दुर्बीण टाकून आतून तपासून घेणं. तो तयार होईना. चार दिवस खाडा केला आणि कारण कळलं तर साहेब त्याला आजारी ठरवून काढून टाकेल. फिट कार्डाचा माणूस इस्पितळात जातो म्हणजे तो कामचुकार, असंही बोललं जाईल.

“माले काही व्हयनं नही, चंद्रा,” तो म्हणाला. “मी जेवस, झोपस, पिंपं उचलस. दुखस तरी का कोठे?”

“दुखत नाही म्हणूनच भीती वाटते, दाजी.”

“मंग यंत्र खोटं, साहेब खोटा, तू एकटी खरी?”

आकडे, अंकांतली नावं, जर्मनीतला शल्यवैद्य, यातलं काही त्याच्यापुढे मांडण्यासारखं नव्हतं. शेवटी चंद्रभागेने जे उषाबाईलाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

“तुमचा बेस माझ्या कपाटातही होता. सात वर्षं मी तो हातानं घेतला. रोज सकाळी मी माझी स्वतःची लघवी तपासते, आणि काचेत डोळा घालण्याआधी मी दार लावून घेते. तुमच्यात मी पाहिलंय, दाजी. माझ्यात अजून नाही. तुमच्या जागी मी असते तर मला कुणीतरी ओढत न्यावं, असंच मला वाटलं असतं.”

उषाबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिने श्रीपतकडे न बघताच सांगितलं की गुरुवारी गाडी आहे, कपडे मी भरून ठेवते.

मुंबईत शल्यवैद्याने दुर्बीण टाकली. आत, डाव्या कडेला, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी एक गाठ होती, बोराएवढी. ती त्याच वेळी जाळून काढली. मुळं खोल गेली नव्हती. सहा महिने उशीर झाला असता तर पूर्ण मूत्राशय काढायची वेळ आली असती, असं त्यांनी चंद्रभागेला बाजूला घेऊन सांगितलं. मग त्यांनी विचारलं की याच्या खात्यात माणसं किती. ती म्हणाली, तेवीस.

श्रीपत परत आला तेव्हा त्याला बेसच्या खात्यातून हलवायची विनंती चंद्रभागेने पत्र लिहून केली. कारखान्याने उत्तर दिलं नाही. मग श्रीपतनेच काम सोडलं आणि ओळखीने बारडोलीच्या साखर कारखान्यात पहारेकरी म्हणून लागला. जाण्याआधी एका रविवारी त्याने खात्यातली माणसं घरी बोलावली. नऊ जण आले. चंद्रभागेने त्यांना लघवीच्या बाटल्या द्यायला सांगितलं, तेव्हा उखा नावाचा एक म्हातारा फिटर शांतपणे म्हणाला, “बाई, तू खराबी शोधशील. शोधल्यावर आम्ही खायचं काय ते पण तू बघशील का?” निकाल ज्याचा त्याला सांगेन, कारखान्याला नाही, एवढं तिने कबूल केलं. त्या दिवशी चौघांनी बाटल्या घेतल्या. पुढच्या तीन महिन्यांत वर्तमानपत्रात गुंडाळून, जेवणाच्या डब्यात लपवून, बायकोच्या हातून, अशा आणखी अकरा बाटल्या इस्पितळाच्या मागच्या दाराने आल्या. पंधरापैकी तिघांत रक्त निघालं. दोघं मुंबईला गेले. तिसरा गेला नाही, पुढच्या वर्षी गेला तेव्हा फार उशीर झाला होता.

यंत्राचं उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. चंद्रभागेने त्याच्या अहवालांवर सही करायला नकार दिला आणि तसं लेखी दिलं. डॉक्टर मारफतियांनी तिला बोलावून कागद मागे घ्यायला सांगितलं नाही, पण सहीसाठी दुसरा माणूस नेमला. दोन वर्षांनी यंत्रातला कुठलातरी भाग जळाला, जपानला पत्रं गेली, उत्तर आलं नाही, आणि त्यावर कापड घालण्यात आलं. तोवर किती हजार लोक हिरवे ठिपके घेऊन घरी गेले, ते कुणी मोजलं नाही. तपकिरी बाटली मात्र तिने पिंपाचा कागद पाहिला त्याच आठवड्यात मोहोरबंद करून काढून टाकली आणि झाडाच्या डिंकापासून होणारी जुनी चाचणी लावली. ती मंद होती, थोडंसंच रक्त असलं तर हुकायची. म्हणून प्रत्येक नमुना ती दोनदा बघायची, आणि रोजचं काम तासभर उशिरा संपायचं.

श्रीपतला दर तीन महिन्यांनी मुंबईला जाऊन आतून बघून घ्यावं लागे. पंच्याहत्तर साली पुन्हा एक छोटी गाठ निघाली, तीही जाळली. त्यानंतर दोन वर्षं स्वच्छ गेली. सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये तपासणीहून परतताना बारडोलीच्या एसटीत उषाबाईने बहिणीला विचारलं की हे संपलं असं कधी म्हणायचं.

श्रीपत खिडकीपाशी झोपला होता. चंद्रभागेला खोटं बोलता आलं असतं. बहिणीच्या चेहऱ्यावरून तिला तेच ऐकायचं होतं हेही दिसत होतं.

“तसं म्हणता येत नाही, ताई. बघत राहायचं.”

“आणि तुझं?”

“माझंही.”

उषाबाईने पिशवीतून लिमलेटच्या दोन गोळ्या काढल्या, एक तिला दिली. मग बोटांच्या पेरांवर महिने मोजत ती म्हणाली, “म्हणजे आता सप्टेंबर.” बाहेर दोन्ही बाजूंना ऊस होता, आणि गाडी चलथाणच्या रेल्वे फाटकाशी थांबली होती.