पत्र्यावरचे मोरडोळे

सकाळी सातला इलायसने वर्कशॉपचं शटर उचललं आणि तो दारातच थबकला. भिंतीला टेकवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या तीस पत्र्यांपैकी सोळांवर तपकिरी ठिपके उठले होते. हे पत्रे बहारीनमधल्या रिफा शहरातल्या नव्या सभागृहाच्या दर्शनी भिंतीसाठी होते आणि दहा वाजता सभागृहाचा मालक ते बघायला येणार होता.

वर्कशॉपचे प्रमुख क्रूगर साहेब आले, त्यांनी एका ठिपक्यावर नख घासलं आणि पत्र्यांवर घासणी चालवणाऱ्या तुकारामला हाक मारली.

"साध्या लोखंडाची घासणी लावलीस! बजावलं होतं मी. खलास. उद्याच्या विमानाने घरी." उभ्याउभ्याच त्यांनी व्हिसा कॅन्सलचा फॉर्म भरला आणि खाली सही ठोकली.

तुकाराम हिंदीत कसाबसा "साब, आपकाही ब्रश" एवढंच म्हणाला आणि इलायसकडे वळला. "भाऊ, तुम्ही तरी सांगा यांना. दुसरी घासणी हातात धरली नाय मी. गुहागरला काय तोंड दाखवू?"

इलायस वसईचा, केमिस्ट्रीचा बी.एस्सी. तपासनीस म्हणून लागून त्याला जेमतेम आठ महिने झाले होते. "साहेब, मला नऊपर्यंत वेळ द्या."

साहेबांनी फॉर्म खिशात घातला. "नऊ. एक मिनिट जास्त नाही."

क्रूगर साहेब बहारीनला येण्याआधी जर्मनीत रेल्वे डब्यांच्या कारखान्यात होते. चहाच्या सुट्टीत एकदा सुरू झाले की थांबत नसत. अठ्ठावन्न सालापासून गावोगावच्या गाड्यांना नवे डबे लागले. रंग नाही, नुसतं चकाकतं स्टील. लोक त्यांना चांदीची नाणी म्हणत. खिडक्यांखाली घासणीने काढलेले, एकमेकांवर चढलेले गोल, मोरपिसातल्या डोळ्यांसारखे. तीच नक्षी या पत्र्यांवर उतरावी म्हणून साहेबांनी तुकारामला महिनाभर शिकवलं होतं.

इलायसने मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, पाण्यात विरघळवला, त्यात दोन थेंब आम्ल टाकलं आणि ते पत्र्यावर लावलं. जिथे लोखंडाचे कण असतील तिथे तांबं चढणार होतं. ते चढलं. गोलांच्या कडेकडेने लालसर रेघा उमटल्या, मधली जागा स्वच्छ राहिली. म्हणजे लोखंड घासणीतूनच आलं होतं. साडेआठ झाले होते.

"पहिले चौदा पत्रे कशाने केलेस?" त्याने तुकारामला विचारलं.

"नव्या घासणीने. ती झिजली, तेव्हा साहेबांनी पेटीतली स्वतःची दिली. जर्मनीची. लय जीव त्यांचा तिच्यावर."

इलायसने ती घासणी उजेडात धरली. तारा तर स्टेनलेसच्या होत्या. मग लोखंड आलं कुठून? तो तसाच केबिनमध्ये गेला.

"साहेब, चांदीच्या डब्यांआधी तुमच्याकडे कोणते डबे होते?"

"आत्ता गोष्टी ऐकायच्यात तुला?" साहेब तडकले, पण उत्तर द्यायचं राहवेना. "युद्धानंतर नवे डबे होते कुठे? जुन्यांचे सांगाडे घेतले, वर लोखंडी पेट्या चढवल्या, हिरवा रंग दिला. ते तर मी असेपर्यंत दुरुस्तीला यायचे."

"त्यांचा गंज कशाने खरवडायचा?"

साहेबांची नजर इलायसच्या हातातल्या घासणीवर गेली. समोरच्या माणसाच्या एका सहीवर इलायसचाही व्हिसा होता. तरी त्याने ग्लासभर मोरचुदाचं पाणी टेबलावर ठेवलं आणि घासणी त्यात बुडवली. तारांच्या मुळाशी अडकलेला जुना चुरा बघता बघता तांबूस झाला.

साहेबांनी ग्लास जवळ ओढून आत पाहिलं. "पत्रे नायट्रिक अ‍ॅसिडने धुतले तर?"

"गंज वरवरचा आहे, निघेल. पण दोन दिवस लागतील."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मालक वेळेआधीच पोचला होता. साहेब उठून वर्कशॉपमध्ये आले. "यल्ला, चल तुकाराम. पत्रे धुवायला घे."

तुकाराम जागचा हलला नाही. "पहिला तो कागद फाडा, साहेब," तो मराठीतच म्हणाला. भाषांतराची गरज पडली नाही. साहेबांनी खिशातून फॉर्म काढला, त्याचे चार तुकडे केले आणि फाटकाकडे चालू लागले.

"पत्रे तयार नाहीत," त्यांचा आवाज आत ऐकू आला. "चूक माझी आहे."

तुकारामने हातमोजे चढवले. "भाऊ, आधी अ‍ॅसिड ओतू की पाणी?"

"पाणी," इलायस म्हणाला. "आणि सावकाश."