गंगारामचा कोट

सुरतेच्या नवागामात मेल्याशिवाय कोट मिळत नाही, असं लोक हसत म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. माणूस गेला की घरचे त्याचा पासपोर्ट साइझचा फोटो घेऊन भाईदासच्या स्टुडिओत यायचे. भाईदास कॉम्प्युटरवर चेहरा कापायचा आणि निळ्या कोटावर चिकटवायचा, मग तो फोटो घरच्या भिंतीवर लागायचा. अख्ख्या वस्तीला एकच कोट, एकच टाय. बारावीनंतर विशाखा तिथेच कामाला लागली आणि कितीतरी मेलेल्यांना तिने तो कोट चढवला.

पुढे ती बडोद्याला कला शिकायला गेली, आणि झालं, बाईंना त्या कोटाची लाज वाटू लागली! सगळं खोटं आहे म्हणाली. तिचा बाप गंगाराम पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगाच्या टाकीवर होता. तिने त्याचे फोटो काढले, भोकं पडलेल्या बनियनमध्ये, हात कोपरापर्यंत जांभळे. सुरतेत साडीवर मोर छापतात तसा तिने कापडावर बाप छापला. ते कापड सरसात भिजवून तारेच्या सांगाड्यावर चढवलं आणि उभा पुतळा केला. दिल्लीत वाहवा झाली, पेपरात नाव आलं, एकामागून एक प्रदर्शनं झाली.

आई सोनाबाई मात्र जी तापली ती तापलीच. "जन्मभर फाटकं घालून राबला तो माणूस. पण विहारात जाताना पांढरा धुतलेला सदरा घालायचा, तो नाही दिसला तुला? चारचौघांत बापाला उघडं पाडलंस." त्यानंतर लेकीच्या एकाही प्रदर्शनात तिने पाऊल टाकलं नाही. गंगाराम नुसता हसला होता. पुढे दम्याने गेला बिचारा.

तो गेल्यावर विशाखाच्या डोक्यात उजेड पडला. स्टुडिओत फोटो घेऊन येणारी माणसं काही खुळी नव्हती. ज्यांच्या आजा-पणज्याला गावाने धड कपडा घालू दिला नाही, त्यांना कोट म्हणजे काय, हे बडोद्यात कोण शिकवणार? तिने नवा गंगाराम घडवला. खुर्चीत ऐटीत बसलेला, निळा कोट, टाय, आणि बाह्यांतून बाहेर आलेले तेच जांभळे हात. कोटासाठी तिने खराब निघालेल्या साड्यांचे थरावर थर चिकटवले. हे कळल्यावर सोनाबाई म्हणाली, "या खेपेला येईन मी."

प्रदर्शन सुरतेतच, वेसू या श्रीमंत भागातल्या मोठ्या गॅलरीत होतं. विशाखाचं आजवरचं सगळं काम एकत्र, आणि इथून ते थेट परदेशी जाणार. असा योग आयुष्यात एकदाच येतो. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी गॅलरीच्या मालकीण चंचलबेन खुर्चीतल्या गंगारामपुढे येऊन थांबल्या.

"जो बेटा, आ कोट काढी नाख, काढून टाक," त्या गोडीत म्हणाल्या. "बनियनवाला बाप लोकांना माहीत आहे. मजूर मजुरासारखा दिसला पाहिजे ने? कोटात तो कोणीपण वाटतो."

"कोणीपण नाही. माझा बाप वाटतो."

"बाहेरच्या पाहुण्यांना हे नाही चालणार."

एवढ्या वर्षांची मेहनत, आणि एका कोटापायी सगळं मुसळ केरात जाणार होतं. तरी विशाखा म्हणाली, "काढता येत नाही, चंचलबेन. आत बनियन नाही, अंगही नाही. कोट काढला तर माणूसच उरत नाही."

"मग याला गोदाममध्ये ठेवू. बाकीचं मांडू."

बाकीचं मांडू! म्हणजे बापाला गोदामात कोंडायचं आणि वर बापाच्याच नावाने टाळ्या घ्यायच्या. विशाखाचं डोकंच फिरलं.

"बाकीचंही उतरवा," ती म्हणाली आणि टेम्पोवाल्याला फोन लावला.

"पस्तावशील."

"पस्तावेन. पण त्याला कोंडून नाही."

संध्याकाळी टेम्पो नवागामच्या गल्लीत शिरला. गंगाराम खुर्चीसकट दारात उतरला तशी शेजारपाजारची माणसं गोळा झाली. एका म्हाताऱ्याने नकळत हात जोडून जयभीम घातला. सोनाबाई पुढे झाली. मग पदराने तिने कोटाच्या खांद्यावरची धूळ पुसली.

"प्रदर्शन?" तिने मागे न बघता विचारलं.

"गेलं."

"परदेश?"

"तेही."

"जाऊ दे," सोनाबाई म्हणाली. "आज पुन्हा बापाचा कपडा उतरवून आली असतीस, तर या दारात मी तुला घेतली नसती."